साधे यंत्रमाग मोडीत काढून शटललेस (धोट्याशिवाय चालणारे) माग बसवणे लहान यंत्रमागधारकाला परवडेल का?

प्रश्न (लेखक: खर्चीवाला)

नमस्कार. इचलकरंजीत आमच्या कुटुंबाचे २४ साधे यंत्रमाग आहेत आणि ते सगळे खर्चीवर चालतात. व्यापारी ताण्याची (उभ्या धाग्यांची) बिमे, म्हणजे धागे गुंडाळलेले रूळ, आणि बाण्याचे (आडव्या धाग्याचे) सूत पाठवतो, आम्ही कापड विणून ताके त्याच्या पेढीवर पोहोचवतो आणि पिकांच्या (बाण्याच्या एकेका फेरीच्या) हिशेबाने ठरलेली मजुरी घेतो. सूत आमचे नाही आणि कापडही आमचे नाही. शेड, माग, वीजबिल आणि कामगारांचा पगार एवढेच आमच्याकडे. वडिलांनी हे माग एकेक करून जमवले आणि त्यांतील काही तर मुंबईतल्या बंद पडलेल्या गिरणीतून भंगाराच्या भावाने आलेले आहेत.

मजुरीचा दर बरीच वर्षे जागचा हललेला नाही, वीजबिल मात्र दर वेळी थोडे वर सरकते. नात्यातील एका गृहस्थांचा आग्रह आहे की, आम्ही हे माग वजनावर विकून टाकावेत, जागेवर कर्ज काढावे आणि वापरलेले सहा एअरजेट (हवेच्या झोताने बाणा टाकणारे शटललेस माग) आणावेत. वडिलांना ते पटत नाही. त्यांच्या मते साधा माग कधी दगा देत नाही.

माझा पहिला प्रश्न व्यवहाराचा आहे: हा निर्णय कोणत्या हिशेबावर घ्यावा? दुसरा प्रश्न थोडा मोठा आहे. आमच्या गावात विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये बसवला. त्याला शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी देशातील बहुसंख्य यंत्रमागांवर आजही धोटाच (बाणा इकडून तिकडे नेणारा शटल) पळतो. विणकामाचे तंत्र जगात इतके पुढे गेले असताना आपण तिथेच कसे राहिलो? हा आम्हा मागवाल्यांचा आळस म्हणायचा, की यामागे आणखी काही कारणे आहेत?

प्रतिसाद १ (लेखक: जुना जॉबर)

आधी आकडे मांडू, कारण शटललेसची चर्चा नेहमी वेगाने सुरू होते आणि तिथेच थांबते. साधा माग मिनिटाला साधारण १३० पिके टाकतो असे धरा. कापड इंचाला ५२ पिकांचे असेल, तर मिनिटाला अडीच इंच आणि तासाला १५० इंच, म्हणजे पावणेचार मीटरच्या आसपास कापड निघेल. एअरजेट मिनिटाला ७८० पिकांनी चालवला, तर हेच कापड तासाला जवळपास २३ मीटर निघते. यात मागाची थांबणूक धरलेली नाही. ती दोन्हीकडे असते. म्हणजे एक एअरजेट सहा साध्या मागांचे काम करतो आणि वर पन्हाही मोठा देतो. कागदावर तुमच्या २४ मागांना चार एअरजेट पुरले.

आता एअरजेटला काय काय लागते ते पाहा. बाणा धोट्याऐवजी हवेच्या झोताने जातो, म्हणून कॉम्प्रेसर हवा आणि त्याची हवा कोरडी व तेलविरहित हवी. वीजबिलाचा मोठा हिस्सा मागाच्या मोटारीपेक्षा या कॉम्प्रेसरचाच असतो. शेडमध्ये सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास टिकवावी लागते, त्यामुळे पत्र्याच्या छपराखाली हा माग चालत नाही. सूत एकसारखे आणि मजबूत हवे. साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला, तर कामगार गाठ मारतो आणि हँडल ओढतो, ते दोन मिनिटांचे काम. एअरजेटवर तीच दोन मिनिटे सहापट महाग पडतात. खर्चीत सूत व्यापारी निवडतो आणि तो ते भावावर निवडतो. अशा सुतावर वेगवान माग बसवला, तर माग कमी आणि तुटलेले धागे जास्त सांभाळावे लागतील.

तुमच्या वडिलांचे म्हणणे मला जुनाट वाटत नाही. मंदी आली आणि व्यापाऱ्याने बिमे पाठवणे थांबवले, की साध्या मागाच्या शेडला कुलूप लावता येते. त्यावर कर्ज नसते, फिरत्या कामगाराला दुसरीकडे काम मिळते आणि माग महिनाभर धूळ खात पडला तरी बिघडत नाही. एअरजेट तिन्ही पाळ्यांत चालला तरच हप्ता निघतो आणि बँकेला बाजारातल्या मंदीशी देणेघेणे नसते. आमच्या भागात एका ओळखीच्या यंत्रमागधारकाने परदेशातून उतरलेले वापरलेले माग घेतले होते. यांत्रिक भाग ठणठणीत होते, पण नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक कार्ड गेले आणि त्या मॉडेलचे कार्ड कंपनीने बनवणेच थांबवलेले होते. दलालाने फोन उचलणे बंद केले. दोन माग उघडून त्यांचे भाग बाकीच्यांना लावावे लागले.

त्यामुळे मी वेगाआधी एक प्रश्न विचारीन: कापड कोण विकणार आहे? खर्चीवरच राहणार असाल, तर सहापट कापड विणूनही दर व्यापारीच ठरवील, आणि शटललेसवाल्यांची संख्या वाढली की तोही दर खाली येईल.

प्रतिसाद २ (लेखक: पेठेतला वाचक)

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. हा आळस नाही. ज्या परिस्थितीत यंत्रमाग वाढला, त्या परिस्थितीत साधा माग ठेवणे हेच शहाणपणाचे होते.

स्वातंत्र्यानंतर हातमागाला संरक्षण देण्यासाठी सरकारने १९५० च्या दशकात गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली आणि गिरणीच्या कापडावर उत्पादनशुल्काचा बोजा टाकला. हेतू हातमागाच्या भल्याचा होता, पण गिरणीची वाट अडवल्यावर जी जागा मोकळी झाली ती हातमागाने भरली नाही, ती चार-आठ मागांच्या शेडनी भरली. लहान असणे हीच त्यांची सवलत होती. म्हणून कुटुंबात माग वाढले की ते भावाच्या, पत्नीच्या, चुलत्याच्या नावाने नोंदले जात. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या थंडावल्या, पण बाजाराला कापड हवेच होते आणि ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतून येऊ लागले. आपल्या शेडमधले काही माग मुंबईच्या गिरणीतून आले असे प्रश्नकर्ते लिहितात, त्यात हा सगळा इतिहास आला. गिरणीने टाकलेले यंत्र लहान कारखानदाराने उचलले आणि त्यावर स्वस्तात कापड काढले. स्वस्त पडण्याचे कारण यंत्र सरस होते हे नव्हे. कर, जागा, कामगारांच्या सोयी या सगळ्यांचा खर्च कमी होता.

१९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांच्यातील भेद कागदावर मिटवला. लहान राहण्याचे बक्षीस मात्र संपले नाही. आजही महाराष्ट्रात २७ अश्वशक्तीच्या आतील आणि त्यावरील यंत्रमागांना विजेच्या सवलतीचे निकष वेगळे आहेत. एका मागाला एक अश्वशक्तीच्या आसपासची मोटार धरली, तर २४ माग नेमके या रेषेच्या आत बसतात. हा योगायोग आहे की नाही, हे प्रश्नकर्त्यांच्या वडिलांनाच ठाऊक. पण सवलतीची रेषा जिथे ओढली जाते तिथे शेडची वाढ थांबते, हे धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात यायला हवे होते.

आता बाहेरचे पाहू. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग तयार केला. चालू मागावरच धोटा बदलण्याची सोय त्यात होती. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांना घेतले. ज्या देशाने जगाला माग विकले, त्याच देशाच्या एका कंपनीला जपानने आपले तंत्र विकले! त्या घराण्याचा मोटार उद्योग याच कारखान्यातून उभा राहिला. माग बनवताना ओतकाम, अचूक यंत्रकाम, सुटे भाग एकमेकांत बसवण्याची शिस्त हे सगळे हाताखालून गेले होते, म्हणून ते जमले.

आपल्याकडे असे अजिबात झाले नाही असे मात्र नाही. कताईत झाले. कोइमतूरला १९६२ मध्ये लक्ष्मी मशिन वर्क्स उभी राहिली, स्वित्झर्लंडच्या रीटर कंपनीशी सहकार्य करून तिने कताईची यंत्रे देशातच बनवली आणि दुरुस्तीचा माणूस व सुटा भाग हाकेच्या अंतरावर आला. आपल्या सूतगिरण्या जगाच्या बाजारात सूत विकतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. विणकामात असा कारखाना उभा राहिला नाही. वेगवान शटललेस माग आजही मुख्यतः जपान, बेल्जियम, इटली आणि चीनमधूनच येतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीत मागाचा सांगाडा सहज ओतता येईल, पण झोत सोडणारी नळी, व्हॉल्व आणि नियंत्रणाचे कार्ड बाहेरूनच आणावे लागते. १ एप्रिल १९९९ रोजी सुरू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेत कर्जाच्या व्याजातील ५ टक्क्यांची भरपाई मिळत होती. तिचा मोठा वाटा सूतगिरण्यांनी घेतला, कारण कर्जाला लागणारा ताळेबंद त्यांच्याकडे होता. खर्चीवाल्याकडे व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या होत्या, आणि बँक चिठ्ठीवर कर्ज देत नाही.

चीनने १९९८ पासून सूतगिरण्यांतील सुमारे एक कोटी जुन्या चात्या (सूत कातणारे स्पिंडल) सक्तीने मोडीत काढल्या आणि त्यात लाखो कामगार घरी बसले. ते आपल्याकडे होऊ नये असेच मी म्हणेन. तरीही ज्यांना ‘चीनसारखे करा’ म्हणायचे असते, त्यांनी ही किंमतही सांगायला हवी.

प्रतिसाद ३ (लेखक: कांडीकाम)

वरच्या दोन्ही प्रतिसादांत शेडमधली माणसे फारच थोडी आली आहेत. शटललेस मागाला धोटा नाही, म्हणून कांडी (धोट्यात बसणारी बाण्याच्या धाग्याची गुंडाळी) नाही, म्हणून कांडी भरणाऱ्या बायका नाहीत. आमच्या गल्लीत हे काम बहुतेक महिलाच करतात आणि घरापासून जवळ असल्यामुळे त्यांना ते जमते. यंत्र बदलण्याच्या कोणत्याही हिशेबात या मजुरीची ओळ मी अद्याप पाहिलेली नाही.

दुसरी बाजूही सांगते, कारण जुन्या मागाचे कौतुक करण्यातही काही अर्थ नाही. माझे सासरे आयुष्यभर बारा तासांच्या पाळीत उभे राहिले आणि आता समोर बसून बोलले तरी त्यांना अर्धेच ऐकू येते. शेडमध्ये माणसे ओठांवरून आणि खुणांनीच बोलतात. धोटा उडून लागल्याच्या खुणा कित्येकांच्या अंगावर आहेत. नव्या मागावर निदान हा धोका नाही. पण तिथे पडदा वाचून दोष ओळखणारा कामगार लागतो. गावात डीकेटीईसारखी वस्त्र अभियांत्रिकीची नामांकित संस्था १९८२ पासून आहे. तिथून अभियंते बाहेर पडतात आणि मोठ्या कारखान्यांत जातात. चार मागांवर काम केलेल्या चाळिशीतल्या कामगाराला एअरजेट शिकवणारा कमी मुदतीचा वर्ग मात्र मालकालाच शोधावा लागतो, आणि बहुतेक मालक शोधत नाहीत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (लेखक: खर्चीवाला)

सर्वांचे आभार. २७ अश्वशक्तीबद्दल वडिलांना विचारले. ते हसले आणि त्यांनी विषय बदलला. जॉबरकाकांना एवढेच विचारतो: साधा माग आणि एअरजेट यांच्यामध्ये काही पायरी आहे का? आमच्याच पेठेतले आणखी तीन खर्चीवाले काहीतरी करण्याच्या विचारात आहेत.

प्रतिसाद ४ (लेखक: जुना जॉबर)

पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे आहे त्याच मागावर ताणा किंवा बाणा तुटताच माग आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवणे. केंद्राच्या योजनेतून याला यापूर्वी अनुदान मिळत होते. सध्या खिडकी उघडी आहे का, ते इचलकरंजीच्या यंत्रमाग सेवा केंद्रात विचारा. वेग वाढत नाही, पण कापडातील दोष कमी होतात आणि एक कामगार जास्त माग सांभाळू शकतो. दुसरी पायरी रेपिअरची, म्हणजे दांडीने किंवा पट्टीने बाणा ओढून नेणाऱ्या शटललेस मागाची. त्याला कॉम्प्रेसर लागत नाही, सुताच्या बाबतीत तो एअरजेटपेक्षा सोशिक आहे आणि दुरुस्ती करणारे गावात मिळतात.

चौघे एकत्र येणार असाल, तर पहिला पैसा मागात घालू नका, सुतात घाला. चौघांनी मिळून कापडाची एकच जात ठरवा, थेट सूतगिरणीतून सूत घ्या, सायझिंग करून (ताण्याला खळ लावून) घ्या आणि निम्मे माग स्वतःच्या कापडावर चालवून पाहा. कापड विकताना किती दिवसांनी पैसे येतात, किती ताके परत येतात, हे एका हंगामात कळते. मग त्याच व्यवहाराची कागदपत्रे आणि जीएसटीची विवरणपत्रे घेऊन बँकेत जा. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीपेक्षा ती वेगळ्या नजरेने वाचली जातात. रेपिअर बघायला जाल तेव्हा माग बंद स्थितीत पाहू नका. तुमचेच बीम त्यावर चढवा, एक पूर्ण पाळी चालवा आणि किती वेळा थांबला ते स्वतः मोजा. नियंत्रणाच्या कार्डाचा क्रमांक लिहून घ्या आणि ते आज बाजारात मिळते का, याची चौकशी केल्यावरच बयाणा द्या.