खंजिरी भजनांच्या अल्बमचे कव्हर आणि मंडईचे पोस्टर एकच असावे का?

प्रश्न : वैनगंगाकाठ (देसाईगंज परिसर)

नमस्कार. मी वडशाजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक आहे आणि गावातल्या खंजिरी भजन मंडळात पेटी वाजवतो. यंदा धानाची रोवणी आटोपल्यावर आम्ही शाळेच्या एका खोलीत भिंतींना गाद्या आणि सतरंज्या लावून नऊ भजने ध्वनिमुद्रित केली. ध्वनिमुद्रण अपेक्षेपेक्षा बरे झाले आहे. वाद उभा राहिला आहे तो कव्हरवरून.

मंडळात आम्ही अकरा जण आहोत. अध्यक्षांचे म्हणणे असे की, अकराही जणांचे फोटो गोलात बसवावेत, मागे सूर्यकिरण आणि देवळाचा कळस असावा, खाली सौजन्य म्हणून देणगीदारांची नावे यावीत आणि कार्यक्रमासाठी बोलवायचे असेल तर मोबाइल क्रमांक ठळक दिसावा. तालुक्याच्या एका दुकानातून त्यांनी तसे चित्र करूनही आणले. संगणकाच्या पडद्यावर ते भरगच्च आणि छान दिसत होते. पण मोबाइलवर गाण्यांच्या यादीत पाहिले तेव्हा अकरा चेहरे तुरीच्या दाण्यांसारखे झाले आणि मंडळाचे नाव मुळीच वाचता येईना. त्यातच, ज्या सेवेमार्फत आम्ही गाणी ऑनलाइन टाकणार होतो तिने चित्रावर फोन क्रमांक आहे म्हणून ते परत पाठवले.

माझ्या मनात फक्त खंजिरीचे एक जवळून घेतलेले छायाचित्र आणि दोन शब्दांचे नाव आहे. अध्यक्ष म्हणतात, "गुरुजी, हे तर वाद्याच्या दुकानाची जाहिरात वाटते, माणसे कुठे आहेत?" त्यांचेही अगदी चूक आहे असे मला म्हणवत नाही. दिवाळीनंतर मंडया (आमच्याकडच्या गावजत्रा) सुरू होतील, तेव्हा हेच चित्र पोस्टर म्हणूनही लावायचा विचार आहे. एकाच चित्रात दोन्ही कामे साधतील का, चेहरे ठेवावेत का आणि अक्षरे कोणती घ्यावीत, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : कोरलवाला (ब्रह्मपुरी)

गुरुजी, गेली वीस वर्षे मी झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भाच्या) नाटकांची पोस्टरे आणि फ्लेक्स करतो आहे, त्यामुळे आधी तुमच्या अध्यक्षांची बाजू मांडतो. गोलातले चेहरे हे आमच्या धंद्यातले अडाणीपण आहे, असे शहरात शिकून आलेली मुले म्हणतात. ते मला मान्य नाही. भाऊबीजेपासून होळीपर्यंत एकेका मंडईला, शंकरपटाला (बैलांच्या शर्यतींना) दोन-दोन, तीन-तीन नाटके शेजारच्या पेंडॉलमध्ये लागतात आणि रात्रभर चालतात. प्रेक्षक नाटकाच्या नावावर जातो त्याहून अधिक, त्यात कोण आहे यावर जातो. गेल्या वर्षी रडवून गेलेली नटी यंदा कोणत्या पेंडॉलमध्ये आहे, हे त्याला पोस्टरवरून कळले पाहिजे. म्हणजे चेहरा हीच तिथली बातमी असते. देणगीदाराचे नाव छापले नाही तर पुढच्या वर्षी वर्गणी कमी पडते, हेही खरेच आहे.

पण हे सगळे उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. चहाच्या टपरीजवळ, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, बसथांब्यावर जो पाच मिनिटे थांबला आहे तो अकरा चेहरे निवांत बघतो. रस्त्यावरच्या फ्लेक्सचे गणित निराळे आहे. पाटी रंगवणाऱ्यांचा जुना अंदाज असा की, दर दहा फूट अंतरामागे अक्षराची उंची निदान एक इंच हवी. मोटारसायकल ताशी चाळीस किलोमीटर वेगाने येत असेल, तर शंभर फुटांचे अंतर तीन सेकंदांच्या आतच सरते. त्या वेळेत एक नाव, एक तारीख आणि एक चित्र यांपलीकडे काहीही वाचून होत नाही. म्हणून मी रस्त्याच्या फ्लेक्सवर दहा इंचांपेक्षा लहान अक्षरात गावाचे नाव आणि तारीख कधीच ठेवत नाही, मग मालक कितीही रागावो.

मोबाइलवरचे कव्हर या दोन्हींहून वेगळे. पोस्टरचे काम माणसाला एका दिवशी एका ठिकाणी बोलावण्याचे आहे; तो दिवस संपला की पोस्टर संपले. कव्हरवर मात्र तारीख नसते, ठिकाण नसते. एकदा ऐकलेले भजन दुसऱ्यांदा शोधताना बोट नेमके त्यावर पडावे, एवढेच त्याचे काम असते. ऑनलाइन सेवा कव्हरवर फोन क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता किंवा किंमत चालवून घेत नाहीत, तेव्हा तो वाद आपोआपच मिटला आहे. क्रमांक यूट्यूबच्या वर्णनात आणि पोस्टरवर टाका.

रंगांबद्दल एक सांगतो. पिवळ्यावर लाल अक्षरे ही आमच्याकडची ठरलेली जोडी आहे आणि धान कापल्यानंतरच्या करड्या बांध्यांच्या पार्श्वभूमीवर ती लांबून खरोखर उठून दिसते. परंतु उन्हात शाईतले पिवळे आणि गुलाबी आधी उडते, निळे आणि काळे मागे राहतात. दिवाळीला लावलेला फ्लेक्स होळीला पाहा, सगळे नट निळसर झालेले असतात. तुमचे पोस्टर दीड-दोन महिने टिकायचे असेल तर नाव काळ्यात किंवा गडद निळ्यात घ्या आणि लाल रंग मागच्या पट्टीला द्या.

उत्तर : सदस्या (साकोली)

आमचे बसस्थानकाजवळ कॅसेटचे दुकान होते, त्यातला एक अनुभव सांगते. कॅसेटच्या पुढच्या कागदाला जागा जेमतेम साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच. शिवाय त्या फळीवर उभ्या रचलेल्या असल्याने गिऱ्हाइकाला दिसे ती फक्त सेंटिमीटरभर जाडीची कड. बाहेर कितीही सुंदर चित्र असले तरी कडेवरचे नाव बारीक असेल तर ती कॅसेट मीच विसरून जात असे. बाया येऊन "ती निळी द्या जी, खंजिरीवाली" असे म्हणत. मंडळाचे नाव क्वचितच कोणी घेई. रंग आणि वाद्य मात्र पक्के लक्षात राहत असे. तेव्हा गुरुजींच्या खंजिरीला माझे मत आहे, फक्त मागचा रंग एकच आणि ठाम असावा. पुढे दुसरा अल्बम केलात तर खंजिरी तीच ठेवून रंग बदलता येईल.

उत्तर : अक्षरजुळारी (वर्धा)

वरील दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला. मी पुस्तकांची मुखपृष्ठे आणि अधूनमधून अल्बमची कव्हरे करतो. कोरलवाला यांनी पोस्टर आणि कव्हर यांत जो भेद केला आहे तो मला पूर्ण पटतो, आणि गंमत अशी की या दोन वस्तूंचे नाते जन्मापासूनचे आहे. १९३९ साली अमेरिकेतल्या कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस नावाचा बाविशीतला चित्रकार रुजू झाला, तेव्हा तबकड्या साध्या तपकिरी जाड कागदाच्या वेष्टनात विकल्या जात. पुढच्या वर्षी त्याने पहिले चित्रमय कव्हर केले, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या एका नाट्यगृहाच्या दर्शनी पाटीवरची अक्षरे बदलून त्या जागी अल्बमचे नाव लावून घेतले आणि दिवे लागलेल्या त्या पाटीचेच छायाचित्र छापले. म्हणजे पहिले चित्रमय कव्हर नाटकाच्या पाटीवरून आले.

त्यानंतर कव्हरचा आकार सतत घटत गेला. १९४८ मध्ये आलेल्या लाँग प्ले तबकडीचे वेष्टन सुमारे ३१ सेंटिमीटर चौरस होते, सीडीचे १२ सेंटिमीटर झाले आणि आता यादीतले चित्र नखाएवढे आहे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक गटाच्या १९७३ च्या लोलकाच्या कव्हरवर पुढच्या बाजूला ना गटाचे नाव आहे, ना अल्बमचे. ते उदाहरण लोक फार देतात. परंतु तो त्यांचा आठवा अल्बम होता आणि वेष्टन हातात धरून उलटून पाहता येत होते. आपल्या मंडळाने नाव गाळू नये. चित्रातून मात्र एकच वस्तू उचलण्याचे त्यांचे धैर्य अवश्य घ्यावे.

आता अक्षरांकडे येतो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. आपल्या शब्दात 'खं' आहे. 'ख' लहान आकारात किंवा सैल जोडणीत 'रव' वाचला जातो, आणि अनुस्वाराचे टिंब नखाएवढ्या चित्रात नाहीसे होते. मी आत्ताच पडद्यावर करून पाहिले. एका सजावटीच्या फाँटमध्ये 'खंजिरी' स्वच्छ 'रवजिरी' दिसू लागले. यावर उपाय असा की, 'ख'चे दोन्ही भाग खाली एकमेकांना जोडलेले असतील असा जाड, मोकळ्या पोटाचा फाँट घ्यावा. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट मोफत मिळतात आणि या कामाला पुरतात. टिंब हाताने थोडे मोठे करून शिरोरेखेपासून किंचित वर उचलावे.

अक्षरांमधले अंतर वाढवून नाव रुंद करण्याचा मोह टाळावा, कारण शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. जाडसर पांढरी बाह्यरेषा आणि तिच्यामागे सावली ही आपल्याकडच्या फ्लेक्सची सवय आहे. मोठ्या आकारात ती चालते, लहान आकारात मात्र ती अक्षरांची पोटे भरून टाकते. दोन ओळी घ्यायच्या असतील तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकणार नाहीत एवढी जागा सोडावी. काही फाँट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे देतात. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' सांगितला आहे, आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की अनेक फाँटमध्ये ती वळणे आपोआप येतात. ही बाब बारीक वाटेल, परंतु आपल्या मुलांना फळ्यावर जो 'ल' आपण शिकवतो तोच कव्हरवर दिसावा, असे एका शिक्षकाला वाटल्यास मला नवल वाटणार नाही.

प्रश्नकर्ता : वैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल शाळा सुटल्यावर ही उत्तरे अध्यक्षांना मोठ्याने वाचून दाखवली. नटीच्या चेहऱ्याचा मुद्दा ऐकून ते खूश झाले. "कव्हर शोधण्यासाठी असते" या वाक्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी स्वतःच मोबाइल पुढे करून जुने चित्र पुन्हा पाहिले. स्वतःचा चेहरा त्यांना लगेच सापडला नाही. पोस्टर आणि कव्हर वेगळे करावे, हे त्यानंतर एकमताने ठरले.

छायाचित्र आम्ही देवळाच्या ओट्यावर सकाळच्या तिरप्या उन्हात घेतले. आमच्या जुन्या वादकांच्या हातातली खंजिरी आहे. चामड्याच्या मधोमध बोटांनी घासून घासून पडलेला काळपट डाग आणि लाकडी कड्यातल्या पितळी चकत्या नीट आल्या आहेत. त्यांची तीन बोटे चामड्यावर टेकलेली ठेवली, म्हणजे "माणसे कुठे आहेत" या प्रश्नाला थोडे तरी उत्तर मिळेल. मागे घरातला गडद निळा पडदा लावला.

दोन अडचणी राहिल्या आहेत. कव्हर चौकोनी आणि यूट्यूबचे थंबनेल आडवे असल्याने गोल खंजिरी वरून-खालून कापली जाते. दुसरे म्हणजे, दुकानात पोस्टरची फाइल उघडली की माझी अक्षरे भलतीच होतात.

उत्तर : कोरलवाला (ब्रह्मपुरी)

दुसरी अडचण आधी सांगतो, कारण ती रोजचीच आहे. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केले आणि त्या संगणकावर तो फाँट नाही, किंवा तिथे अजून श्रीलिपी या युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँट-प्रणालीवरच काम चालते. पाठवण्यापूर्वी सगळा मजकूर कर्व्ह करून (अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून) पीडीएफ द्या आणि जुनी, दुरुस्त करता येणारी फाइल स्वतःजवळ ठेवा, नाहीतर तारीख बदलली की सगळे पुन्हा टाइप करावे लागेल.

थंबनेलसाठी चौकोनी चित्र ताणू नका; ताणलेली खंजिरी भाकरीसारखी दिसते. चौकोनी कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचे करा. थंबनेल १२८० बाय ७२० चे वेगळे करा, त्यात खंजिरी पूर्ण गोल उजवीकडे, नाव डावीकडे आणि बाकी निळा पडदा तसाच पसरू द्या. खालच्या उजव्या कोपऱ्यात यूट्यूब गाण्याची वेळ दाखवते, त्यामुळे तिथे बोटे किंवा अक्षरे येऊ देऊ नका. दोन्ही चित्रे झाली की एकदा रंग काढून काळी-पांढरी करून पाहा. नाव पडद्यात बुडाले तर अक्षरे पिवळट पांढरी घ्या.

पोस्टरवर अकरा चेहरे मी लावून देतो, पण अकराही फोटो एकाच दिवशी, एकाच भिंतीसमोर, त्याच सकाळच्या उन्हात काढून पाठवा. आधार कार्डावरचा फोटो कोणी पाठवला तर मी परत करीन, हे अध्यक्षांना आधीच सांगून ठेवा.