शब्दचर्चा : आखूड, हलकी, माशीची काठी

प्रश्न

भाचा येत्या मार्चमध्ये हिमाचलात, तीर्थन नदीच्या खोऱ्यात ट्राउट मासे धरायला जाणार आहे. त्यासाठी तो 'शॉर्ट, लाइटवेट फ्लाय रॉड' शोधतोय. मला म्हणाला, "मामा, ह्याला मराठीत काय म्हणायचं?" मी 'लहान हलका माशी-गळ' असं सांगितलं, पण मनाला पटलं नाही. कोल्हापुरात गळ टाकणारे पुष्कळ आहेत. कळंब्यावर, पंचगंगेवर रोज दिसतात. योग्य शब्द कोणी सुचवेल का?

उत्तर

दादा, गळ हा शब्द इथं बाजूला ठेवू या. गळ म्हणजे मुळात आकडा. आपण 'गळ टाकायला चाललोय' म्हणतो तेव्हा काठी, दोरा, आमिष सगळं त्यात धरतो हे खरं, पण 'गळाला लागला' म्हणताना डोळ्यांपुढे आकडाच असतो. कोकणात त्यालाच गरी म्हणतात आणि त्यावरून 'गरवायला जाणं' असं सुरेख क्रियापद आहे. तुमच्या भाच्याला निवडायची आहे ती मात्र काठी. म्हणून नाम काठीच हवं.

आता माशी. ही माशी जिवंत नसते. पिसं, केस, रेशमाचा धागा आकड्यावर गुंडाळून किड्यासारखं रूप केलेलं असतं. काही पाण्यावर तरंगतात, काही पाण्याखालच्या अळीसारख्या दिसतात, तरी नाव माशीच. हा शब्द मला मनापासून आवडतो, पण मराठीत त्याची एक अडचण आहे. मासा आणि माशी यांची रूपं एकमेकांत मिसळतात. 'माशाची काठी' म्हटलं की मासा, 'माशीची काठी' म्हटलं की माशी. इथवर ठीक. अनेकवचनात 'माशांची काठी' म्हणून बघा : मासे की माश्या? कानाला काहीच कळत नाही. म्हणून लिहिताना मी माशीचं अनेकवचन 'माश्या, माश्यांची' असं य घालून लिहितो आणि काठीच्या नावात एकवचनच ठेवतो. माशीची काठी.

'लहान' मात्र नको, 'आखूड' हवं. लहान काठी म्हणजे लहान मुलाची काठी असंही होतं. आखूड हा शब्द नुसत्या लांबीबद्दल बोलतो : आखूड बाही, आखूड दोर. आणि लांबी सांगणं भागच आहे, कारण काठी या शब्दात ती येत नाही. आपल्याकडे जोतिबाच्या चैत्र यात्रेतली आभाळात गेलेली सासनकाठीसुद्धा काठीच असते.

ट्राउटसाठी सर्रास वापरतात ती माशीची काठी ९ फुटी असते. आखूड म्हणजे साधारण ६ ते साडेसात फूट. ओढा अरुंद असेल, दोन्ही काठांवरच्या फांद्या पाण्यावर आल्या असतील, तर तिथं ९ फुटी काठी मागं न्यायलाच जागा नसते. आखूड काठीचं कौतुक एवढ्यासाठी. पण जोरदार धारेच्या, रुंद नदीत तीच अपुरी पडते. मधल्या धारेत दोरीला झोळ पडतो, झोळ वाहत जातो आणि पाठोपाठ माशी फरफटते. खरा किडा असा फरफटत नाही, हे ट्राउटला लगेच कळतं. तो झोळ उचलून धारेच्या वरच्या अंगाला टाकायला लांब काठी लागते. म्हणजे आखूडशिंगी, बहुदुधी गाय इथंही मिळत नाही. भाचा मोठ्या पात्रात उभा राहणार की बाजूच्या ओढ्यांत, हे त्याला आधी विचारा.

पुन्हा प्रश्न

'आखूड' पटलं. 'हलकी' तरी बरोबर आहे ना? वजनाला कमी म्हणजे हलकी, त्यात दुसरं काय असणार?

उत्तर

इथंच सगळे फसतात. मीही फसलो होतो. काही वर्षांपूर्वी फोनवरून एका दुकानदाराला "हलकी काठी द्या" म्हणालो. आली ती हातात खरोखर पिसासारखी, पण ९ फुटी आणि ६ नंबरची, म्हणजे जड दोरीची. हिमाचलातल्या ओढ्याकाठी पहिली फेक मागं नेली आणि माशी फांदीत अडकली. ती सोडवली, पुन्हा फेकली, तर जड दोरी पाण्यावर आपटली आणि दगडामागचा मासा गेला. दुकानदारानं चुकीचं काही दिलं नव्हतं. मी शब्द चुकीचा वापरला होता.

कारण इथं हलकेपणा दोन गोष्टींचा असतो. एक काठीचं स्वतःचं वजन, दुसरा ती जी दोरी फेकते त्या दोरीचं. आपल्या गळाला शिसं किंवा आमिष जड असतं आणि त्याच्या ओढीनं दोरा जातो. माशीला वजनच नसतं, म्हणून इथं वजन दोरीत असतं. चाबूक डोळ्यांपुढे आणा. वादीच्या टोकाला काही बांधलेलं नसतं, तरी वादी सुटते ती स्वतःच्या भारानं. माशीची दोरी तशीच सुटते आणि माशी नुसती मागून जाते.

म्हणून दोरीला नंबर असतात आणि काठीवर त्याच दोरीचा नंबर छापलेला असतो. पहिल्या ३० फुटांचं वजन ग्रेन या जुन्या बारीक मापात मोजतात : ३ नंबरचं १००, ५ नंबरचं १४०. आपल्या गुजरीतल्या, म्हणजे सराफकट्ट्यावरच्या, जुन्या तोळ्यात सांगायचं तर तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ३ नंबरची ३० फूट दोरी अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त आणि ५ नंबरची पाऊण तोळ्याहून थोडी जास्त भरते. एवढ्याशा फरकानं दोरी पाण्यावर टेकते की आपटते हे ठरतं. लहान ओढ्यासाठी २ ते ४ नंबर. म्हणून मी आता 'हलकी' हा शब्द एकटा वापरत नाही. 'हलक्या दोरीची काठी' म्हणतो, किंवा सरळ '३ नंबरची'. काठी स्वतः किती ग्रॅम आहे हे त्यानंतर. ते जाहिरातीत ठळक छापतात, पण हातातल्या काठीचा तोल रिळावरही ठरतो.

आणखी एक प्रश्न

मी इचलकरंजीचा. आमच्याकडे सुताचा नंबर वाढला की सूत बारीक होतं. ४० काउंटपेक्षा ६० काउंट बारीक. तुम्ही म्हणता त्यात नंबर वाढला की दोरी जड. मग लोकांचा घोटाळा होत नाही?

उत्तर

होतो, आणि तुमच्या प्रश्नात त्याचं उत्तरही आहे. दोरीच्या पुढं एक निमुळता तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक धागा, बांधतात आणि त्याच्या टोकाला बारीक तंगूस, ज्याला माशी बांधतात. ह्या बारीक तंगूसाचा नंबर तुमच्या सुतासारखा चालतो : नंबर वाढला की जाडी कमी. पुढं एक्स हे अक्षर असतं. ५एक्स म्हणजे इंचाचे ६ हजारांश. ११ मधून नंबर वजा केला की हजारांश मिळतात. म्हणजे एकाच काठीवर दोन उलट्या पद्धती नांदतात. दोरीचा नंबर सांगताना 'जड-हलकी' म्हणावं आणि तंगूसाचा सांगताना 'जाड-बारीक', म्हणजे गल्लत होणार नाही. इचलकरंजीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पुन्हा मूळ प्रश्नकर्ते

काका, एक राहिलं. वर्णनात 'फास्ट ॲक्शन', 'स्लो ॲक्शन' असं असतं. वेगवान काठी म्हणायचं का?

उत्तर

नाही हो, वेगवान नको. काठी पळत नाही, लवते. लवणं हे क्रियापद मराठीत इतकं नेमकं आहे की मला त्याचा अभिमान वाटतो. वाकणं वेगळं, मोडणं वेगळं. लवणारी वस्तू परत सरळ होते.

ह्याबद्दलचा माझा गुरू पंचगंगेच्या काठावर भेटला. भोई समाजातले एक आबा, हाताशी चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काठी. मी माझी कार्बनची काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी किंमत विचारली नाही, बनावट विचारली नाही. मूठ धरली, मनगट जरासं झटकलं, शेंड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो फोक लवतोय कुठनं? शेंड्यात का बुडख्यात?" मग माझ्याकडे न बघताच, "शेंड्यात लवला तर लांब जातंय. बुडख्यापातूर लवला तर बारक्या माशाचाबी धक्का हाताला कळतोय."

ऊस बघत वाढलेल्या माणसाला शेंडा आणि बुडखा शिकवावे लागत नाहीत. त्या दोन वाक्यांत सगळी निवड आली. 'फास्ट' म्हणजे शेंड्यात लवणारी, 'मीडियम' मधून लवणारी, 'स्लो' बुडख्यापर्यंत लवणारी. आखूड काठीनं जवळच, १५-२० फुटांवर, माशी ठेवायची असते. तेवढ्या अंतरात दोरीचा भार थोडाच बाहेर येतो आणि शेंड्यात लवणारी ताठ काठी तेवढ्यानं जागी होत नाही. मधून किंवा बुडख्यापर्यंत लवणारी होते. म्हणून लहान ओढ्याचे जुने जाणते अजून फायबरग्लासची काठी धरतात, आणि काही जण बांबूची, जिच्यात सहा त्रिकोणी पट्ट्या तासून एकमेकींना चिकटवलेल्या असतात. आपल्या नदीवरच्या लोकांचे शब्द शास्त्रानंही घेतलेत, हे इथं सांगावंसं वाटतं : महासीर या नदीतल्या मोठ्या माशाच्या दख्खनी जातीच्या शास्त्रीय नावातलं 'खुद्री' हे मराठी नाव आहे, ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये तसंच घेतलेलं. मग काठीसाठी आबांचा शब्द आपण का घेऊ नये?

भाच्याला दुकानात असं सांगू द्या : साडेसात फुटी, ३ नंबरची, मधून लवणारी, चार पेरांची माशीची काठी. 'चार तुकड्यांची'पेक्षा पेर मला बरं वाटतं. उसाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर म्हणजे पेर, आणि काठीचीही पेरं एकावर एक चढतात. जिथं चढतात तो सांधा. मैदानात गवतावर, आकड्याऐवजी लोकरीचा लाल धागा बांधून, पाच-सहा दिवस फेकायचा सराव करू दे. आणि सांध्याला मेणबत्तीचं मेण अगदी पुसट चोळायला सांगा. पेर जरा वाकडं बसवून, हलकेच पिळत सरळ करावं. घट्ट बसलेलं पेर फेकताना निसटून ओढ्यात जात नाही.