हेडेबीला एका दिवसात काय काय बघावं?

उत्तरवारा: नमस्कार. मी हॅम्बुर्गला असते. पुढच्या महिन्यात आईबाबा पुण्याहून येतायत. बाबांना इतिहासाचं वेड, म्हणून श्लेस्विगजवळचं हेडेबी दाखवायचंय, व्हायकिंगांची जुनी व्यापारी पेठ. पण तिथे पडकी भिंतसुद्धा उरलेली नाही म्हणतात. मग सुरुवात कुठून करू?

दर्यावर्दी: ताई, नक्की न्या. घरं लाकडामातीची होती, ती कुजून गेली. पण तट आहे! आधी त्यावर चढा. मातीचा अर्धगोल बांध, आत साधारण २४ हेक्टर कुरण आणि समोर पाणी. तिथे उभं राहिलं की ही जागा का निवडली ते कळतं. श्लाय खाडीतून गलबतं बाल्टिकमधून आत यायची. पश्चिमेला पंधरा-अठरा किलोमीटर जमिनीवरून माल नेला की ट्रेने नदी, तिथून उत्तर समुद्र. अख्ख्या डेन्मार्कला वळसा वाचायचा. ८०८ मध्ये डॅनिश राजा गॉडफ्रेडने रेरिक बंदर उद्ध्वस्त केलं आणि तिथले व्यापारी इकडे आणले.

शिंपला: मी उलट सांगेन, आधी संग्रहालय. बंदराच्या गाळातून १९७९ मध्ये वर काढलेली युद्धनौका तिथे आहे, सुमारे ३० मीटर लांब. पण माझा पाय अडला तो फण्यांपाशी. हरणाच्या शिंगाच्या छोट्या चकत्या दोन लांब पट्ट्यांमध्ये रिव्हेटने बसवायच्या आणि मग एकेक दात कापायचा. शेजारी कारागिराने टाकून दिलेले शिंगाचे तुकडेही मांडलेत. लोखंडी बेड्याही चुकवू नका. इथे माणसंही विकली जायची, ते बघितल्याशिवाय ही पेठ समजत नाही.

दर्यावर्दी: बेड्यांचं अगदी खरं. बाबांना अल-तर्तुशीबद्दलही सांगा. दहाव्या शतकात अल-अंदालुसहून, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधून इथवर आलेला प्रवासी. लोक मासेच खातात, गाणं कुत्र्याच्या भुंकण्याहून वाईट, पण बायका हवं तेव्हा घटस्फोट घेऊ शकतात, असं त्याने नोंदवलंय.

उत्तरवारा: किती छान सांगितलंत दोघांनी! पेठ संपली कशी?

दर्यावर्दी: १०५० च्या सुमारास नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्ड्राडाने जाळली, १०६६ मध्ये स्लाव्हांनी लुटली. मग वस्ती खाडीपलीकडे श्लेस्विगला गेली. तटावर वारा झोंबतो, आईंसाठी शाल घ्या.

उत्तरवारा: घेते. सकाळी तट, मग संग्रहालय. आईला आधी फण्या दाखवीन, आजीची शिंगाची फणी तिने अजून जपून ठेवलीय.