मुंबईत पीअरिंगसाठी कोणत्या एक्सचेंजला पोर्ट घ्यावा?

आमची साताऱ्यात छोटी आयएसपी (इंटरनेट पुरवणारी कंपनी) आहे, दुसऱ्या नेटवर्कांशी थेट ट्रॅफिकची देवाणघेवाण (पीअरिंग) करायला मुंबईतल्या इंटरनेट एक्सचेंजवर पोर्ट, म्हणजे जोडणी, घ्यायचाय. निक्सी हे एक्सचेंज २००३ पासूनचं, शिवाय डी-सिक्स (DE-CIX) हे दुसरं एक्सचेंजपण आहे, मग नुसता रेट बघून ठरवू का?

प्रतिसाद १: रेट शेवटी बघा हो. आधी मेंबर लिस्ट काढा, तुमचा जास्तीचा ट्रॅफिक ज्यांच्याकडून येतो ते तिथे आहेत का आणि राउट सर्व्हरवर (ज्याला एकदा जोडलं की त्यावरच्या सगळ्यांचे रूट एकत्र मिळतात) आहेत का, नाहीतर पीअरिंगसाठी एकेकाला मेल करत बसाल. क्रॉस कनेक्टचं (डेटा सेंटरमध्ये तुमच्या उपकरणापासून एक्सचेंजपर्यंतच्या केबलचं) भाडंही विचारा, ते वेगळं लागतं.

प्रतिसाद २: आरपीकेआय फिल्टरिंग (ते पत्ते जाहीर करायचा हक्क त्या नेटवर्कला आहे का हे तपासून चुकीचे रूट अडवणं) आहे का ते विचाराच. आमच्याकडे रात्री दोनला कुणाचे तरी चुकीचे प्रीफिक्स (आयपी पत्त्यांचे गट) आले, निम्म्या गिऱ्हाइकांचे व्हिडिओ बंद, आणि एक्सचेंजवाले सकाळपर्यंत फोन उचलेनात.

मूळ प्रश्नकर्ता: थँक्यू दादा, उद्याच दोघांच्या सपोर्टला रात्री फोन लावून बघतो.