विजेपासून वीज: नेमकं म्हणायचं काय?

शिरपूरकर: आकाशातल्या विजेचा पर्यायी ऊर्जास्रोत म्हणून वापर, यावर शाळेच्या भित्तिपत्रकाचा मजकूर करतोय. 'विजेपासून वीजनिर्मिती' म्हटलं तर मुलं हसली. शिवाय 'हार्वेस्टिंग'ला काय म्हणू? काढणी, वेचणी?

भुसावळकर: मुलं हसणारच. आपल्याकडे पडते ती वीज, अहिराणीत ईज, आणि जाते ती लाईट. 'ईज पडनी' म्हटलं की लोक विचारतात, कोणाच्या शेतात? 'लाईट गयी' म्हटलं की डीपी उडाली का, एवढंच. घोळ छापील मराठीचा आहे.

'तडित' घ्या. 'तडितरक्षक' पाठ्यपुस्तकात आहेच. 'सौदामिनी' कवितेत शोभते. 'दामिनी' तर नकोच, वीज पडण्याचा इशारा देणारं सरकारी ॲप त्याच नावाचं आहे.

चोपडेकर: वेचणीही नको. कपाशीचं बोंड फुटून वाट बघत बसतं, आज नाही तर परवा वेचा. तडित सेकंदाच्या अंशात साधारण ३० हजार अँपिअरचा प्रवाह ओतून मोकळी होते, तीही कुठे ते न सांगता. 'पर्जन्यजल संकलन' रुळलंय, तर 'संकलन' म्हणा.

साक्रीकर: शब्द होतील हो, पण संकलन करायचं कशाचं? एका विजेत साधारण १ अब्ज ज्यूल, म्हणजे २८० युनिट. त्यातलंही बरंचसं उष्णता, उजेड आणि गडगडाटात हवेतच जातं. जगात सर्वांत जास्त विजा व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवरावर, दर चौरस किलोमीटरला वर्षाला सुमारे २३३. एकूण एक पकडली, काहीही वाया गेलं नाही असं धरलं, तरी ६५ हजार युनिट. आमच्याकडच्या उन्हात १ मेगावॅटचं सोलर पाचेक एकरांत वर्षाला १५ लाख युनिटांच्या आसपास देतं. मनोरे, विद्युतभार साठवणारी संधारित्रं यांचा खर्च तर अजून धरलेलाच नाही. 'पर्यायी ऊर्जास्रोत' हा शब्दच आधी काढा.

चोपडेकर: काढू नका, पुढे प्रश्नचिन्ह द्या. नववीच्या मुलांना गणित घालायला बरं.

शिरपूरकर: मग शीर्षक 'तडित-ऊर्जा: पर्यायी स्रोत?' आणि खाली साक्रीकर भाऊंचा हिशोब. मधली रेघ ठेवू ना?

भुसावळकर: ठेवा. संधी केलीत तर 'तडिदूर्जा' होईल, आणि मुलं पुन्हा हसतील.