मॅक सेनेट: फुटकळ नट ते कॉमेडीचा कारखानदार. पण निर्माता म्हणून खरंच एवढा मोठा होता का?

जुनापुराणा:
मूकपटांचा विषय निघाला की मॅक सेनेटला 'कॉमेडीचा राजा' म्हणून सगळे मोकळे होतात. माझं मत जरा वाकडं आहे. क्यूबेकचा हा पोरगा १९०८ मध्ये न्यूयॉर्कला बायोग्राफ या फिल्म कंपनीत शिरला, दिग्दर्शक ग्रिफिथच्या हाताखाली मिळेल ते काम केलं, कधी गर्दीत उभा तर कधी गावंढळ प्रेमवीर, आणि नट म्हणून तोंड वेडंवाकडं करण्यापलीकडे फार काही जमत नव्हतं. १९१२ मध्ये केसेल आणि बॉमन या दोघांनी (आधी बुकी होते हे) पैसा घातला, कीस्टोन ही कॉमेडी कंपनी निघाली आणि साहेब लॉस एंजेलिसच्या ईडनडेलमध्ये स्टुडिओ थाटून बसले. पुढे काय? चॅप्लिनला आठवड्याला १५० डॉलरवर घेतला, वर्षभरात त्याच्याकडून ३५ च्या वर फिल्म काढून घेतल्या, आणि त्याने १००० मागितले तर नाही म्हणाला. एसने या दुसऱ्या फिल्म कंपनीने १२५० दिले, वर १०,००० बोनस. नट अर्बकल गेला, नटी ग्लोरिया स्वान्सन गेली. माणसं ओळखता येतात पण टिकवता येत नाहीत, मग कसला राजा?

रिळवाला:
जुनापुराणा, आजच्या हिशोबाने बघताय तुम्ही. तेव्हा थिएटरवाले शॉर्ट फिल्मांचा अख्खा प्रोग्राम भाड्याने घ्यायचे, एका नटाच्या नावावर जादा पैसे वसूल करायची सोयच धड नव्हती. अशात एका माणसाला हजार दिले तर बाकीचे दुसऱ्या दिवशी दारात उभे.

आणि नट म्हणून कसाही असो, बायोग्राफमध्ये तो नुसता पगार घेत नव्हता. संध्याकाळी ग्रिफिथसोबत चालत जायचं आणि धंद्यातलं विचारत राहायचं, हे त्याने स्वतःच सांगितलंय. ग्रिफिथची ती 'शेवटच्या क्षणी सुटका', एकीकडे संकट एकीकडे धावाधाव, ती उचलली आणि तिचीच टर उडवली. 'बार्नी ओल्डफील्ड्स रेस फॉर अ लाइफ' (१९१३) बघा, कीस्टोनची नटी मेबल नॉरमंड रुळांना बांधलेली, खलनायक फोर्ड स्टर्लिंग मिशा पिळतोय, आणि तिचा बावळट प्रेमिक खुद्द सेनेट, ओल्डफील्ड हा खराखुरा रेसिंग ड्रायव्हर, त्याच्या गाडीतून आगगाडीशी शर्यत लावतोय. अजून एक. लॉस एंजेलिसच्या एको पार्कचं तळं पालिकेने उपसायला काढलं तेव्हा यांनी कॅमेरा आणि नट नेऊन चिखलात लोळवले, झाली 'अ मडी रोमान्स'. सेटचा खर्च शून्य. ही नजर निर्मात्याचीच असते.

वैदर्भी:
तुम्ही दोघंही मेबलला नुसती रुळांवर बांधून ठेवा!! अहो ती बायोग्राफपासून सोबत होती, कीस्टोनच्या पहिल्या दिवसापासून लोक तिला बघायला यायचे, आणि १९१४ मध्ये ती स्वतः फिल्म डायरेक्ट करत होती. 'मेबल अॅट द व्हील'च्या वेळी चॅप्लिनशी तिचं वाजलं ते यावरूनच, की ही पोरगी मला काय सांगणार. नंतर तिची 'मिकी' ही फिल्म १९१८ मध्ये आली आणि तुफान चालली, तोवर मॅडम गोल्डविन या दुसऱ्या कंपनीकडे गेल्या होत्या. सेनेटच्या 'नजरे'तली निम्मी नजर मेबलची, असं माझं म्हणणं आहे, आणि पाटी कोणाची? मॅक सेनेट कॉमेडीज.

रिळवाला:
वैदर्भीताई, मेबलचं मान्यच, त्यात वाद नाही. पण त्याच भांडणानंतर सेनेटने काय केलं बघा, चॅप्लिनला हाकललं नाही आणि मेबललाही नाही. थोड्याच दिवसांत चॅप्लिनच्या हाती स्वतःच्या फिल्मचं डायरेक्शन दिलं. पंचविशीतला पोरगा, स्टुडिओत येऊन जेमतेम चार महिने. किती मालक देतील?

आगाऊ_कार्टा:
मालकाने ऑफिसात बाथटब बसवून घेतलेला, त्यात बसून गॅग (विनोदी प्रसंग) ऐकायचा. असा बॉस आपल्याला पण पाहिजे 😂

जुनापुराणा:
बाथटब असो. माझा मुद्दा हॅल रोच या दुसऱ्या कॉमेडी निर्मात्यावर येऊन थांबतो. तोही एक्स्ट्रा (गर्दीतला नट) म्हणूनच आला, तिथेच विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड भेटला, हाती थोडा पैसा आल्यावर कंपनी काढली. पण रोचने पात्रं उभी केली, लॉरेल-हार्डीला वेळ दिला, एक टोपी अदलाबदल करायला दोन मिनिटं दिली. सेनेटचं सगळं पळापळीवर. पळापळ संपली की माणूस संपला, १९३३ मध्ये दिवाळं.

वैदर्भी:
दिवाळ्याचं एकट्या त्याच्या माथी नका मारू. १९२८ मध्ये लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत नवा मोठा स्टुडिओ बांधला (आजची स्टुडिओ सिटी ती हीच), लगेच पुढच्या वर्षी शेअर बाजार कोसळला, आणि ज्या पॅरामाउंटमार्फत त्याच्या फिल्म जात होत्या ती कंपनीच १९३३ च्या जानेवारीत रिसीव्हरशिपमध्ये (कर्जापायी कोर्टाच्या ताब्यात) गेली. रोचमागे १९२७ पासून एमजीएमसारखी बडी कंपनी होती हो.

रिळवाला:
आणि संपला कुठे? गायक बिंग क्रॉस्बीच्या शॉर्ट्स १९३१ पासूनच्या, विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्सच्या चार १९३२-३३ च्या. 'द डेंटिस्ट' बघा, दात काही निघत नाही, पेशंट बाईने दोन्ही पाय फील्ड्सच्या कमरेला आवळलेत आणि तो तिला तशीच लटकवून खोलीभर फिरतोय. यात पळापळ कुठाय? सगळी मजा त्या लटकण्यात.

जुनापुराणा:
त्या तर फील्ड्सने स्वतः लिहिल्यात ना? सेनेटने काय केलं, बिल भरलं?

रिळवाला:
हो, भरलं. ऐन मंदीत, स्वतःचा स्टुडिओ बुडत असताना भरलं. तुम्ही भरलं असतंत?