खडूचे खड्डे बहुतेक शेतासाठीच

इंग्लंडमधल्या केंट-एसेक्सच्या शेतांतले खडूचे जुने खड्डे म्हणजे घरांसाठी दगड काढलेल्या खाणी, असं काही जण म्हणतात. काही असतीलही, पण खडू म्हणजे पांढरा चुनखडीचा दगड, मऊ आणि पाणी शोषणारा, बाहेरच्या भिंतीला सहसा टिकत नाही. बहुतेक खड्डे शेतीसाठीच. चिकण, आम्ल जमिनीत खडू घालायची तिकडे जुनी रीत. हिवाळ्याच्या तोंडावर ढेकळं रानात पसरायची. आतलं पाणी गोठलं की ती फुटून भुगा होतो, मग नांगरून मातीत मिसळायचा. लांबून गाडीने आणणं परवडत नसे, म्हणून ज्या त्या शेताचा खड्डा तिथेच.

'डेनहोल' नावाच्या खोल खड्ड्यांचाही इथे उल्लेख हवा. खडू वाळूच्या थराखाली असेल तिथे माणूस जेमतेम उतरेल एवढं भोक सरळ खाली न्यायचं आणि खडू लागला की बाजूंनी दालनं कोरायची. वरची जमीन वाया जात नाही. एसेक्समध्ये ग्रेजजवळच्या हँगमन्स वुडमधली २० मीटरहून खोल आहेत. डेन लोकांपासून (डेन्मार्ककडून आलेल्या हल्लेखोरांपासून) लपायला खोदली, ही दंतकथा छानच, पण पोरंबाळं घेऊन त्या भोकातून इतकं खाली कोण उतरणार? त्यापेक्षा पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी बघा. ब्रिटनमध्ये १०० फूट खोल, तोंडाशी अरुंद नि आत रुंद विहिरी खणून खडू काढतात आणि तो एकदा शेतात घातला की ८० वर्षं पुरतो, असं त्याने लिहिलंय. आज दिसणारी बहुतेक डेनहोल मध्ययुगातली किंवा नंतरची, पण तंत्र तेच. ८० वर्षं मात्र जरा फुगवून सांगितलेली वाटतात.